घरबसल्या थेट बुद्धिबळ कसं बघायचं? पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

२८ जुलै २०२५, सोमवारची संध्याकाळ. प्रतापनगरच्या आमच्या घरी सासूबाई दिवाणावर बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या. टीव्हीवर जॉर्जियातलं बटुमी शहर, आणि तिथे कोनेरू हंपीसमोर बसलेली आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. महिला विश्वचषकाची अंतिम लढत होती. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले होते आणि आता जलद डाव सुरू होते. आईंनी विचारलं, "कोण जिंकतंय गं?" मला सांगता येईना. पडद्याच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी खाली-वर होत होती, दोन घड्याळं उलटी धावत होती आणि समालोचक इंग्रजीत इतक्या भराभर बोलत होते की एक वाक्य कळेपर्यंत तीन निसटायची.

दिव्या जिंकली, रडली, आईच्या गळ्यात पडली. आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण तिने नेमकं काय केलं ते आम्हाला कळलं नव्हतं, आणि ही गोष्ट मला फार लागली. आपल्या शहरातली एकोणीस वर्षांची मुलगी विश्वचषक जिंकते, त्याच दिवशी भारताची ८८वी ग्रँडमास्टर होते (हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब) आणि आपण फक्त टाळ्या वाजवायच्या? त्यानंतर मी हळूहळू शिकत गेले. ज्यांना घोडा अडीच घर चालतो एवढंच माहीत आहे आणि पुढच्या स्पर्धेला घरच्यांसोबत समजून बघायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

काय काय लागेल

- मोबाइल, लॅपटॉप किंवा स्मार्ट टीव्ही. एक पुरतो, दोन असले तर सोय होते.
- इंटरनेट. वायफाय गेलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागेल एवढा डेटा शिल्लक ठेवा.
- कडेला ए ते एच अक्षरं आणि १ ते ८ आकडे छापलेला बुद्धिबळाचा पट. ही अक्षरं नसलेला पट या कामाला चालत नाही.
- वही-पेन.
- ओळखपत्र, कार्ड, ओटीपी यातलं काहीही लागत नाही. कुणी मागितलं तर तिथून बाहेर पडा. त्याबद्दल पुढे सांगते.

१. आधी वेळ पक्की करा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. स्पर्धेच्या पानावर बहुतेक वेळा तिथली स्थानिक वेळ दिलेली असते. बटुमी आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथे दुपारचे तीन वाजले की आपल्याकडे साडेचार. म्हणून विश्वचषकाचे डाव आमच्या चहाच्या वेळेला सुरू व्हायचे. दरवेळी असं सोयीचं जमत नाही. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणारी २०२४ ची कँडिडेट्स स्पर्धा कॅनडात टोरांटोला होती. तिथे दुपारी अडीचला डाव सुरू होत, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजलेले असत. आपल्या गुकेशने ती स्पर्धा जिंकली तेव्हा इकडे ज्यांनी थेट पाहिलं त्यांनी रात्र जागून पाहिलं. त्याच वर्षी डिसेंबरात सिंगापूरला तो जगज्जेता झाला. ते शहर आपल्या अडीच तास पुढे आहे, त्यामुळे ती लढत भर दुपारी बघायला मिळाली.

आपला हिशोब एका वाक्याचा आहे. पानावर यूटीसी, म्हणजे जगभराची प्रमाण वेळ दिली असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा.

युरोपच्या बाबतीत एक खड्डा आहे. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. म्हणून नेदरलँड्समधल्या वाइक आन झीची जानेवारीतली स्पर्धा दुपारी दोनला सुरू झाली की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा असतात, म्हणजे साडेचार तासांचा फरक. नॉर्वेची स्पर्धा उन्हाळ्यात होते, तेव्हा हाच फरक साडेतीन तासांचा असतो. गेल्या स्पर्धेचा फरक लक्षात ठेवून या स्पर्धेला बसू नका. दरवेळी नव्याने बघा आणि मोबाइलला अलार्म लावा.

विश्रांतीचा दिवस आहे का तेही बघून घ्या. मोठ्या स्पर्धांमध्ये मध्ये एखादा दिवस डाव नसतो. घरच्यांना बोलावून टीव्ही लावायचा आणि समोर काहीच नसायचं, असं होऊ नये.

२. कुठे बघायचं

दोन प्रकार आहेत आणि त्यातला फरक कळला की अर्धं काम झालं.

पहिला प्रकार म्हणजे नुसता पट. लिचेस या संकेतस्थळावर 'ब्रॉडकास्ट' विभागात जगातल्या चालू स्पर्धांची यादी असते. स्पर्धा निवडा, फेरी निवडा, हवा तो पट उघडा. खेळाडूंच्या पटाखाली संवेदक, म्हणजे सेन्सर बसवलेले असतात. सोंगटी हलली की चाल आपोआप संगणकात आणि तिथून तुमच्या पडद्यावर येते. लिचेसला पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. भाषांच्या यादीत मराठी आहे, काही शब्द मात्र इंग्रजीतच राहतात. यात चित्रफीत नसल्याने डेटा नावापुरता जातो. गावाकडे नेट अडखळत असेल तरी चालतं. चेस डॉट कॉमवरही अशी सोय आहे.

दुसरा प्रकार म्हणजे समालोचनासह व्हिडिओ. जागतिक महासंघाचं, म्हणजे फिडेचं यूट्यूब चॅनेल आणि आपल्याकडचं चेसबेस इंडिया ही दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. खेळाडूंचे चेहरे दिसतात, कुणी डोक्याला हात लावून बसलंय, कुणी उठून दुसऱ्याचा डाव बघायला गेलंय, हे सगळं कळतं. आमच्या आईंना हेच आवडतं. त्यांना चाल कळली नाही तरी माणूस कळतो. "ही आता घाबरली बघ," असं त्या म्हणतात आणि पुष्कळदा ते खरं निघतं.

मोठा डाव चार-पाच तास सहज चालतो. दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर यूट्यूबवर चित्राचा दर्जा ३६० किंवा ४८० वर आणून ठेवा. पट तेवढ्यातही स्वच्छ दिसतो. मी घरी व्हिडिओ टीव्हीवर आणि पट मोबाइलवर असं लावते.

पण दोन्ही एकाच वेळी लावले की एक अडचण येते. दोन्हींची वेळ जुळत नाही. फसवणूक टाळण्यासाठी अनेक स्पर्धांत चाली मुद्दाम काही मिनिटं उशिरा सोडतात, पुष्कळदा पंधरा मिनिटं. व्हिडिओचा उशीर वेगळा, पटाचा वेगळा. कोणता पुढे आहे ते सुरुवातीलाच बघा आणि पुढे असेल त्यालाच खरं माना. यूट्यूबवर 'लाइव्ह' शब्दाजवळचा ठिपका लाल आहे ना तेही तपासा. मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलं की तो राखाडी होतो आणि तुम्ही मागचं बघत राहता. त्या शब्दावर बोट ठेवलं की परत चालू क्षणाला पोचता. उपांत्य फेरीच्या वेळी मी फोन घ्यायला व्हिडिओ थांबवला आणि नंतर वीस मिनिटं मागचंच बघत बसले. शेजारच्या घरातून ओरडा ऐकू आला तेव्हा कळलं.

अंतिम लढतीच्या दिवशी पाऊस होता. पहिला जलद डाव चालू असताना आमचं ब्रॉडबँड गेलं. तक्रार नोंदवली, माणूस आला दुसऱ्या दिवशी. त्या वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निभावलं. आता राउटर इन्व्हर्टरच्या जोडणीवर घेतला आहे, निदान लाइट गेली तर वायफाय जात नाही. पावसाळ्यात नागपुरात राहणाऱ्याने एवढं करून ठेवावंच.

३. स्पर्धेची पद्धत

थोडक्यात सांगते. विश्वचषक बाद पद्धतीचा असतो. दोन मोठे डाव, बरोबरी झाली तर कमी वेळाचे डाव, हरला तो घरी. साखळीत सगळे सगळ्यांशी खेळतात. स्विस पद्धतीत कुणी बाद होत नाही, प्रत्येक फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. जिंकल्यास १ गुण, बरोबरीला अर्धा. नॉर्वेच्या स्पर्धेत बरोबरी झाली की लगेच आर्मागेडन नावाचा छोटा डाव होतो. त्यात पांढऱ्याला १० मिनिटं, काळ्याला ७, आणि बरोबरी झाली तर काळा जिंकला असं धरतात.

४. पडद्यावर काय काय दिसतं

आधी घड्याळ. नवख्या माणसाने सगळ्यात आधी घड्याळ बघावं असं माझं ठाम मत आहे. पट कळायला वर्ष लागतील, घड्याळ पहिल्या दिवशी कळतं. महिला विश्वचषकात मोठ्या डावाला पहिल्या ४० चालींसाठी ९० मिनिटं, मग आणखी ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढीव मिळत होते. जलद डावांत १५ मिनिटं आणि चालीमागे १० सेकंद. आता ३५वी चाल झाली आहे आणि एकीकडे ४० मिनिटं, दुसरीकडे दोन मिनिटं उरली आहेत असं दिसलं, तर पटावर काहीही असो, दोन मिनिटंवाल्यावर संकट आहे. अशा वेळी मोठेमोठे खेळाडू चुकतात. चाळिसावी चाल झाली की वेळ मिळते, म्हणून ३० ते ४० चालींच्या मधला भाग कधी चुकवू नका. स्वयंपाक करायचा तो त्याच्या आधी किंवा नंतर.

मग ती पट्टी. ती संगणकाचं मत सांगते. पांढरा भाग वाढला तर पांढऱ्याचं पारडं जड, काळा वाढला तर काळ्याचं. सोबतचा आकडा ०.० असेल तर डाव समसमान. +१ म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्याने पुढे, उणे चिन्ह असेल तर काळा पुढे. 'एम' आणि आकडा आला, समजा 'एम ५', तर पाच चालींत मात आहे.

माझं कळकळीचं सांगणं आहे: पट्टी झाकून बघा. संगणकाला जे क्षणात दिसतं ते घड्याळाखाली बसलेल्या माणसाला दिसेलच असं नाही. २८ जुलैच्या दुसऱ्या जलद डावात पट्टी इकडून तिकडे हेलकावे खात होती. आम्ही ती बघून "गेलं, गेलं" म्हणत होतो आणि खेळणाऱ्या दोघी शांतपणे पटाकडे बघत होत्या. त्यांना पट्टी दिसतच नव्हती! आपण पट्टी बघतो तेव्हा डाव बघत नाही. लिचेसवर इंजिनचं, म्हणजे हे मत देणाऱ्या संगणकाचं बटण बंद करता येतं. व्हिडिओतली पट्टी बंद होत नाही, म्हणून आम्ही कालनिर्णयच्या जुन्या पानाची उभी पट्टी कापून टीव्हीच्या पडद्यावर सेलोटेपने हलकेच चिकटवतो. मात झाल्यावर किंवा फारच गोंधळ उडाल्यावर कागद वर करायचा. हे मान्य असणाऱ्यांनाच आम्ही डाव बघायला बोलावतो.

शेवटी चालींची नोंद. प्रत्येक घराला नाव असतं, ए ते एच उभ्या रांगा आणि १ ते ८ आडव्या. सोंगट्यांची अक्षरं इंग्रजी नावांवरून घेतली आहेत: के म्हणजे राजा, क्यू वजीर, आर हत्ती, बी उंट, एन घोडा. घोड्याच्या इंग्रजी नावाचं स्पेलिंगही के ने सुरू होतं, पण तो राजाने आधीच घेतलेला. प्याद्याला अक्षर नसतं. म्हणून नुसतं 'ई४' दिसलं तर प्यादं ई४ वर गेलं, आणि 'एनएफ३' म्हणजे घोडा एफ३ वर. मध्ये फुलीसारखं चिन्ह असेल तर मारलं, अधिक चिन्ह म्हणजे शह, जाळीसारखं चिन्ह म्हणजे मात. दोन शून्यं आडव्या रेघेने जोडलेली दिसली तर राजाच्या बाजूचा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं), तीन असली तर वजिराच्या बाजूचा.

इंग्रजी समालोचनात 'रूक' म्हणजे आपला हत्ती आणि 'बिशप' म्हणजे उंट. 'नाईट' आणि 'क्वीन' लवकर अंगवळणी पडतात, 'रूक' आणि 'बिशप'चा गोंधळ मात्र बरेच दिवस राहतो. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

घरात जुनं माणूस असेल तर आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाका. आपल्याकडच्या देशी बुद्धिबळात प्यादं एकच घर चालायचं आणि राजाला एकदा घोड्याची चाल करता यायची. आमचे सासरे तसेच शिकलेले. पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं गेलेलं पाहून ते म्हणाले, "अशी कशी चाल?" आंतरराष्ट्रीय नियम वेगळे आहेत हे समजावून सांगितलं तेव्हा ते बसले.

५. समोर पट मांडा

सगळ्यात जास्त आनंद इथे आहे. टिपॉयवर पट मांडायचा, पांढऱ्याची चाल आली की एकाने हलवायची, काळ्याची दुसऱ्याने. खेळाडू विचारात बसला की आपणही थांबायचं आणि प्रत्येकाने आपली चाल वहीत लिहायची. मग खरी चाल येते. आमच्याकडे शेजारची दोन पोट्टी येतात, एक सातवीत, एक नववीत. सातवीतल्याने एकदा खेळाडूच्या आधी पाच मिनिटं उंटाची नेमकी चाल वहीत लिहिली होती. ती चाल पडद्यावर आली तेव्हा तो काहीच बोलला नाही. नुसती वही उचलून सगळ्यांसमोर धरली. त्यानंतर एकही फेरी त्याने सोडलेली नाही.

पहिल्या पंधरा-वीस चाली भराभर होतात, कारण त्या घरून पाठ करून आलेल्या असतात. त्यात अर्थ शोधत बसू नका. ज्या चालीला खेळाडू अचानक वीस मिनिटं घेतो, तिथून डाव खरा सुरू झाला असं समजा आणि तिथे लक्ष द्या.

६. डाव संपला हे कसं कळतं

मात क्वचितच होते. हार दिसली की खेळाडू हात पुढे करतो, घड्याळ थांबतं, दोघं चालींच्या नोंदीच्या कागदावर सह्या करतात. त्यामुळे "अजून एवढ्या सोंगट्या आहेत, मग संपला कसा?" असं पहिल्यांदा वाटतंच. डाव लवकर बरोबरीत सुटला असेल तर मागे जाऊन बघा, पुष्कळदा तीच स्थिती तीनदा आलेली असते आणि त्यावर बरोबरी मागता येते.

पटावर शेवटी एक विचित्र गोष्ट दिसेल. दोन्ही राजे उडी मारून पटाच्या मधोमध येतात. ही चाल नसते. संवेदकवाल्या पटावर निकाल कळवण्याची ती खूण आहे. दोन्ही राजे मधल्या पांढऱ्या घरांत ठेवले तर पांढरा जिंकला, दोन्ही काळ्या घरांत ठेवले तर काळा, एक पांढऱ्यात आणि एक काळ्यात असेल तर बरोबरी. हे कळल्यापासून निकाल जाहीर होण्याआधी आमच्या घरातली पोरं तो ओळखून सांगतात.

७. खोट्या 'लाइव्ह'पासून सांभाळा

मोठ्या लढतीच्या दिवशी यूट्यूबवर त्याच नावाने भलतेच 'लाइव्ह' व्हिडिओ चालू असतात. जुन्या लढतीचं चित्र फिरत असतं आणि कोपऱ्यात क्यूआर कोड किंवा पैसे दुप्पट करून देण्याचं आमिष. काही ठिकाणी सामना बघायला आधी ॲप उतरवा म्हणतात आणि ते पैज लावण्याचं ॲप निघतं. चॅनेलचं नाव अक्षर न् अक्षर वाचा, त्यांचे जुने व्हिडिओ बुद्धिबळाचेच आहेत का ते बघा, कुठलाही कोड स्कॅन करू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर खऱ्या चॅनेलची सदस्यता आधीच घेऊन ठेवलीत तर त्यांना शोधावं लागत नाही आणि चुकीच्या ठिकाणी बोट पडत नाही.

८. ओळखीचं पोर खेळत असेल तर

दिव्याच्या आधी नागपूरने रौनक साधवानी (२०१९) आणि संकल्प गुप्ता (२०२१) हे दोन ग्रँडमास्टर दिले. त्यामुळे आता आपल्या गल्लीतलं कुणी ना कुणी स्पर्धेला गेलेलं असतंच. त्यांचा डाव मात्र बहुतेक वेळा थेट दिसत नाही, कारण संवेदकवाले पट वरच्या काही खेळाडूंनाच मिळतात. अशा वेळी चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर जा, स्पर्धेचं नाव टाका. कोणत्या फेरीत कुणासमोर, कितव्या पटावर, निकाल काय, किती गुण, सगळं मिळतं. फेरी संपून निकाल भरल्यावरच आकडा बदलतो, म्हणून दर दोन मिनिटांनी पान ताजं करून काही उपयोग नाही. एकाच नावाचे दोन खेळाडू असतात, तेव्हा फिडेचा क्रमांक माहीत असेल तर त्यावरून शोधा.

निकाल शून्य दिसला तर पोराच्या आईला लगेच फोन करू नका. आईबापांना डाव चालू असताना आत सोडत नाहीत, ते बाहेर सतरंजीवर किंवा पायरीवर बसलेले असतात, आणि तासाभरात पुढची फेरी असते. फोन रात्री करा, आणि आधी विचारा, "जेवला का गं तो?"